उल्केची शीळ

डिसेंबरातली थंडीची रात्र होती. विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात मिथुन राशीतला उल्कावर्षाव दाखवण्याचे काम आमच्याकडे आले होते. शाळेच्या मैदानावर सतरंज्या टाकून सगळे आडवे झाले होते. एखादी उल्का पडली की एकदम "ती बघा!" असा गलका होई, आणि निम्म्या लोकांच्या माना वळेपर्यंत आकाश पुन्हा होते तसे होई. मध्यरात्रीच्या चहाला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका बाईंनी विचारले, "सर, फळ्यावर रेघ ओढायची आणि लगेच पुसून टाकायची, असा हा प्रकार. मग तुम्ही त्यातून मोजता तरी काय?"

उंची, वेग, धूमकेतूंनी मागे टाकलेले कण असे काहीबाही सांगून आम्ही तेव्हा वेळ मारून नेली. सांगितले ते चूक नव्हते, पण बाईंच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. त्यांचा प्रश्न रेघ पुसली जाण्याबद्दल होता. आणि नेमके ते पुसले जाणेच मोजता येते, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात यायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. त्या दीडशे वर्षांची ही हकिकत आहे. तिचा एक महत्त्वाचा धागा आपल्या कोलकाता आणि दिल्लीतून जातो, आणि तो आपल्याला फारसा माहीत नसतो.

दोन विद्यार्थी आणि एक उल्का

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक विद्वानांना उल्का म्हणजे विजेसारखाच हवेतला एखादा प्रकार वाटत असे. १७९४ मध्ये एर्न्स्ट क्लाडनी यांनी एक पुस्तक लिहून लोखंडी अशनी आणि अग्निगोल पृथ्वीबाहेरून येतात असे मांडले. पत्र्यावर वाळू पसरून व्हायोलिनचा गज घासला की आकृत्या उमटतात, तो प्रयोग यांचाच. पण उल्का बाहेरून येत असेल, तर ती किती उंचीवर दिसते हे मोजायला हवे होते.

ते काम १७९८ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठातल्या ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी केले. त्यांची युक्ती आपण वर्गात रोज करू शकतो. हात लांब करून बोट समोर धरावे आणि एकेक डोळा मिटून पाहावे. मागच्या भिंतीच्या संदर्भात बोट सरकल्यासारखे दिसते. बोट जितके जवळ, तितके ते जास्त सरकते. या दोघांनी दोन डोळ्यांऐवजी काही किलोमीटर अंतरावरची दोन ठिकाणे निवडली. एकच उल्का दोघांना वेगवेगळ्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दिसे. शरद ऋतूतल्या रात्री जागून त्यांनी काहीशे उल्का टिपल्या. त्यांतल्या २२ उल्का दोघांनीही पाहिल्या असल्याचे निश्चित झाले. सरासरी उंची निघाली ९० किलोमीटरच्या आसपास, आणि वेग सेकंदाला काही दशक किलोमीटर. इतक्या वेगाची कोणतीही वस्तू पृथ्वीवर माहीत नव्हती.

चुकीची वाट, बरोबर मुक्काम

उल्का ९० किलोमीटरवर पेटत असेल, तर तिथे तिला पेटवण्याइतकी हवा असली पाहिजे. हा विचार उलटा केला की उल्का हे हवा मोजण्याचे साधन बनते. १९२३ मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रेडरिक लिंडमन आणि गॉर्डन डॉब्सन यांनी तेच केले. ओझोनच्या मापनात 'डॉब्सन एकक' येते, ते हेच डॉब्सन. उल्का कुठे दिसू लागतात आणि कुठे विझतात यावरून त्यांनी हवेची घनता काढली. त्या काळी समज असा होता, की साधारण ११ किलोमीटरच्या वर हवा सर्वत्र सारखीच थंड, म्हणजे शून्याखाली पन्नासेक अंश असते. तसे असते तर फार उंचावर हवा अगदीच विरळ झाली असती. उल्का मात्र सांगत होत्या, की तिथे हवा अपेक्षेपेक्षा बरीच दाट आहे. म्हणजे मध्ये कुठेतरी उबदार थर असलाच पाहिजे. ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून हवा तापवत असेल, असा त्यांचा तर्क होता. तो पुढे खरा ठरला. सुमारे ५० किलोमीटरवर असा उबदार थर आहे.

मौज अशी, की उल्का तापते कशी याबद्दलची त्यांची कल्पना चुकीची होती. उल्केपुढे दाबलेल्या हवेची टोपी तयार होते आणि ती उल्केला तापवते, असे त्यांनी धरले होते. पण १०० किलोमीटरवर हवेचा एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी सुमारे दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळा जातो. वाळूच्या कणाएवढ्या उल्केपुढे टोपी तयार व्हायला तिथे रेणूंची दाटीच नसते. रेणू सुटे सुटे येऊन तिच्यावर आदळतात आणि तिला तापवतात. ही चूक १९२६ मध्ये दाखवली गेली. गणिताचा मधला भाग बदलला, तरी उबदार थराचा निष्कर्ष टिकला. विज्ञानाच्या इतिहासात असे घडते, आणि मुलांना ते सांगायला हरकत नाही.

आता त्या कणाचे काय होते ते पाहू. पृथ्वीवर येणाऱ्या उल्कांचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असतो. आघातांनी कणाचा पृष्ठभाग तापतो आणि त्याचे अणू उडून जाऊ लागतात. हे उडालेले अणू उल्केच्याच वेगाने धावत असतात. ४० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या लोखंडाच्या एका अणूची ऊर्जा चारशे इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त भरते. त्यातला एक इलेक्ट्रॉन सुटा करायला आठ पुरेसे असतात. म्हणून हवेच्या रेणूंशी टक्कर झाली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि उल्केच्या वाटेवर दहा-वीस किलोमीटर लांबीचा विद्युतभारित वायूचा एक बारीक खांब उभा राहतो. डोळ्यांना दिसतो तो प्रकाश. हा खांब डोळ्यांना दिसत नाही, पण रेडिओ लहरींना तो 'दिसतो'.

कोलकात्यात आणि दिल्लीत

१९२४-२५ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपल्टन यांनी वातावरणात सुमारे १०० किलोमीटरवर रेडिओ लहरी परावर्तित करणारा थर असल्याचे दाखवले. सूर्यामुळे तिथले रेणू आयनीभूत होतात. रात्री सूर्य नसतो, त्यामुळे हा थर क्षीण व्हायला हवा. तो होतोही. पण मध्येच एखाद्या रात्री तो अचानक बळावलेला सापडे. हे आयन आणते कोण? जपानच्या हान्तारो नागाओका यांनी १९२९ मध्ये उल्कांचा रेडिओ लहरींवर परिणाम होत असावा असे सुचवले. अमेरिकेत स्केलेट यांनी १९३१ पासून त्याचा माग काढायला सुरुवात केली.

आपल्याकडे कोलकाता विद्यापीठात शिशिरकुमार मित्र यांनी आयनांबराच्या संशोधनाची एक मोठी परंपरा उभी केली होती. नोव्हेंबर १९३३ मध्ये सिंह राशीतल्या उल्कावर्षावाच्या वेळी त्यांनी, श्याम आणि घोष या सहकाऱ्यांसह, आयनांबराकडे लहरी पाठवून मोजमापे घेतली. वर्षावाच्या काळात आयनीभवन वाढलेले आढळले. १९३४ मध्ये हे निरीक्षण 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. पण ही अनेक उल्कांच्या एकत्रित परिणामाची मोजणी होती. एकेका उल्केची ओळख अजून पटायची होती.

ती पटली आवाजावरून. लघुलहरींवरचे केंद्र ऐकताना अधूनमधून एक बारीक शीळ ऐकू येई. वरच्या पट्टीत सुरू होऊन झरकन खाली उतरणारी, सेकंदभरात संपणारी. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने हा व्यत्यय. १९४१ मध्ये दिल्लीत ऑल इंडिया रेडिओमधल्या चमनलाल आणि वेंकटरामन यांनी या व्यत्ययाकडे लक्ष दिले. आकाशात दिसणाऱ्या उल्का आणि कानांना ऐकू येणाऱ्या शिळा यांची त्यांनी सांगड घातली. ही शीळ म्हणजे आयनांबरात शिरणाऱ्या उल्केमुळे होणारा डॉप्लर परिणाम आहे, असे त्यांनी 'इलेक्ट्रोटेक्निक्स' या भारतीय नियतकालिकात मांडले.

ही शीळ येते कशी? तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या, की त्यांच्या नादात एक हेलकावा जाणवतो. भौतिकीत त्याला विस्पंद म्हणतात. इथे एक 'तार' म्हणजे केंद्राकडून थेट आलेली लहर. दुसरी म्हणजे उल्केच्या पुढच्या टोकावरून उलटून आलेली लहर. टोक आपल्याकडे धावत असल्यामुळे तिची वारंवारता थोडी वाढलेली असते. रेल्वे फाटकाशी उभे असताना जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी ऐकू येते, तसेच.

समजा तरंगलांबी ३० मीटर आहे आणि उल्का आपल्या दिशेने सेकंदाला ३० किलोमीटर येते आहे. लहरीला जायचे आणि यायचे असे दोन्ही अंतर कमी होते, म्हणजे सेकंदाला ६० किलोमीटर, म्हणजे २००० तरंगलांब्या. म्हणून विस्पंदाची वारंवारता २००० हर्ट्झ. हा आवाज आपल्या कानाला स्वच्छ ऐकू येतो. पुढे उल्का आपल्यासमोरून आडवी जाऊ लागली, की जवळ येण्याचा वेग घटत शून्याकडे जातो आणि शिळेची पट्टी उतरते. नववी-दहावीच्या गणितात बसणारे हे उदाहरण आहे.

उल्काविज्ञानाच्या ग्रंथांत चमनलाल आणि वेंकटरामन यांची नावे भेटतात. आपल्या शालेय पुस्तकांत आम्हाला ती कधी दिसली नाहीत. महायुद्धाचे दिवस होते, आणि पुढची मोठी पावले दुसरीकडे पडली. पण व्यत्यय म्हणून जो आवाज इतरांनी सोडून दिला असता, तो या दोघांनी कामाच्या जागी बसून ऐकला आणि त्याचे कारण शोधले, एवढे तरी आपण मुलांना सांगितले पाहिजे.

न पडलेली रॉकेटे

सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनीची व्ही-२ रॉकेटे लंडनवर पडू लागली. त्यांची आगाऊ सूचना मिळावी म्हणून ब्रिटिश सैन्याने विमानविरोधी तोफांची रडारयंत्रे वर आकाशाकडे वळवली. त्या कामात स्टॅन्ली हे नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. रडारवर प्रतिध्वनी दिसत, इशारा दिला जाई, आणि रॉकेट मात्र येतच नसे. हे क्षणिक प्रतिध्वनी सुमारे १०० किलोमीटरच्या उंचीवरून येत. युद्ध संपल्यावर हे आणि त्यांचे सहकारी स्ट्युअर्ट यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या रडारांच्या नोंदी जुळवल्या. प्रतिध्वनींच्या दिशा आणि तारखा माहीत असलेल्या उल्कावर्षावांशी जुळत होत्या.

त्याच सुमारास, डिसेंबर १९४५ मध्ये, मँचेस्टरचे बर्नार्ड लॉव्हेल सैन्याची जुनी रडारयंत्रे घेऊन जॉड्रेल बँक या खेड्यातल्या जागी गेले. शहरातल्या ट्रामच्या ठिणग्यांमुळे मँचेस्टरमध्ये रेडिओचे काम करता येत नव्हते. त्यांना शोधायचे होते विश्वकिरणांच्या झोतांचे प्रतिध्वनी. ते सापडले नाहीत. सापडल्या उल्का. लॉव्हेल यांना उल्कांची माहिती नव्हती, म्हणून त्यांनी प्रेंटिस नावाच्या हौशी निरीक्षकाला बोलावले. प्रेंटिस व्यवसायाने वकील होते आणि रात्री आकाश पाहत.

९ आणि १० ऑक्टोबर १९४६ च्या मधल्या रात्री पृथ्वी जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या कक्षेतून जाणार होती. धूमकेतू तिथून नुकताच, दोन आठवड्यांपूर्वी, गेला होता. मध्यरात्रीपर्यंत तासाला मोजके प्रतिध्वनी येत होते. पहाटे साडेतीनच्या पुढे त्यांचा दर तासाला हजाराच्या घरात पोचला. ऐन भरात लॉव्हेल यांनी अँटेना फिरवून, उल्का जिथून येताना दिसत होत्या त्याच बिंदूकडे रोखली. प्रतिध्वनी जवळजवळ बंद पडले.

हे असे का व्हावे? सकाळच्या उन्हात अंगणातला कोळ्याचा धागा पाहा. तो विशिष्ट कोनातूनच चमकतो, जरा मान हलवली की नाहीसा होतो. उल्केचा खांबही रडारला तेव्हाच दिसतो, जेव्हा तो रडारच्या नजरेला काटकोनात असतो. समोरून थेट आपल्याकडे येणाऱ्या उल्केचा खांब नजरेच्या रेषेतच असतो, म्हणून तो दिसत नाही. त्या एका हालचालीने लांब, बारीक खांबाची कल्पना पक्की झाली.

उजेडातल्या उल्का

रडारला दिवस-रात्र सारखीच. १९४७ च्या उन्हाळ्यात जॉड्रेल बँकच्या रडारवर भर दिवसा मोठे उल्कावर्षाव आढळले. जूनमध्ये मेष राशीतून होणारा वर्षाव त्यांतलाच. सूर्याच्या बाजूने येणाऱ्या या उल्का तोपर्यंत कोणाच्या डोळ्यांना दिसणेच शक्य नव्हते.

त्याहून मोठा प्रश्न होता उल्कांच्या घराचा. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याभोवती फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला ४२ किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर ती सूर्याच्या ताब्यात राहू शकत नाही. म्हणजे ती बाहेरून, ताऱ्यांमधल्या अवकाशातून आली आहे. एर्न्स्ट ओपिक या मोठ्या शास्त्रज्ञाने १९३१-३३ मध्ये ॲरिझोनात डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांवरून, बऱ्याच उल्का अशा परक्या आहेत असा निष्कर्ष काढला होता. अर्ध्या सेकंदाच्या उल्केचा वेग डोळ्यांनी ठरवणे किती कठीण, हे आम्ही मैदानावर अनुभवलेच होते.

रडारने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. खांब लांब होत जातो, तेव्हा त्याच्या निरनिराळ्या भागांवरून आलेल्या लहरी कधी एकमेकींत मिळतात, कधी एकमेकींना खोडतात. त्यामुळे प्रतिध्वनी वरखाली डुलतो. हे कोणत्या ठिकाणी होईल ते अंतर आणि तरंगलांबी माहीत असली की गणिताने ठरते. रडारपासून २०० किलोमीटरवर आणि ८ मीटरच्या तरंगलांबीला हा टप्पा सुमारे ९०० मीटरचा असतो. सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाची उल्का तो साधारण सेकंदाच्या चाळिसाव्या भागात ओलांडते. एसटीत बसून मैलाच्या दगडांवरून वेग काढावा, तशीच ही रीत. या रीतीने मेरी आमंड, डेव्हिस आणि लॉव्हेल यांनी १९५० च्या आसपास शेकडो उल्कांचे वेग मोजले. परक्या उल्कांचा मोठा प्रवाह त्यांना आढळला नाही. आपल्याला दिसणाऱ्या उल्का घरच्याच, सूर्यमालेतल्या आहेत. सूर्यमालेबाहेरून आलेली वस्तू मुळीच नसते असे नाही. २०१७ मध्ये 'ओमुआमुआ' सापडली. पण अशा वस्तू दुर्मीळ आहेत.

पुसण्याचे मोजमाप

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. विद्युतभारित खांब तयार झाल्याक्षणी पसरू लागतो. पाण्यात शाईचा थेंब पसरतो तसा. याला विसरण म्हणतात. खांबाची जाडी तरंगलांबीच्या मानाने वाढली, की त्याच्या पुढच्या आणि मागच्या भागांवरून येणाऱ्या लहरी एकमेकींना खोडू लागतात आणि प्रतिध्वनी मावळतो. तरंगलांबी दुप्पट केली तर प्रतिध्वनी चौपट वेळ टिकतो. आठ-दहा मीटरच्या लहरींना नेहमीची बारीक उल्का सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी दिसते.

पण पसरण्याचा वेग हवेवर अवलंबून असतो. हवा दाट असेल तर आयनांना पदोपदी धक्के बसतात आणि खांब सावकाश पसरतो. हवा विरळ असेल तर झपाट्याने पसरतो. म्हणजे रेघ किती लवकर पुसली गेली हे मोजले, की तिथल्या हवेची घनता आणि तापमान यांचा हिशेब करता येतो. १९५० च्या दशकात ग्रीनहाऊ आणि नॉयफेल्ड यांनी हे काम केले. शिवाय पुसली जाता जाता ही रेघ वाऱ्याबरोबर वाहतही असते. तिच्या प्रतिध्वनीत आलेला सूक्ष्म डॉप्लर बदल म्हणजे तिथल्या वाऱ्याचा वेग. इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला १९५० च्या सुमारास असे वारे प्रथम मोजले गेले. तिथे सेकंदाला कित्येक दशक मीटर वेगाचे वारे वाहतात, आणि समुद्रासारखी त्या हवेलाही भरती-ओहोटी असते, असे आढळले.

याचे महत्त्व कळायला एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फुगे साधारण ४० किलोमीटरपर्यंत जातात. उपग्रह १५० किलोमीटरच्या खाली टिकत नाहीत. मधल्या पट्ट्यात रॉकेट जाते, पण काही मिनिटांपुरते. उल्का मात्र रोज, फुकट, ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान रेघा ओढत असतात. केरळात थुंब्याला २००४ मध्ये असे उल्कारडार उभारले गेले. साडेआठ मीटरच्या आसपास तरंगलांबीच्या लहरींनी ते दिवसाला हजारो रेघा टिपू शकते आणि त्यांवरून तिथल्या वाऱ्यांची नोंद होते.

तेव्हा बाई, मैदानावर द्यायचे राहून गेलेले उत्तर असे आहे. रेघ किती लवकर पुसली जाते आणि पुसता पुसता कुठे वाहत जाते, ते आम्ही मोजतो. ती तशीच राहिली असती, तर तिथल्या हवेबद्दल आम्हाला काहीच कळले नसते.

वर्गात दोन गोष्टी करून पाहता येतील. एका पेल्यात साधे पाणी आणि दुसऱ्यात पातळ केलेला साखरेचा पाक घ्यावा. दोन्ही एकाच तापमानाला येऊ द्यावेत, आणि ड्रॉपरने अलगद शाईचा एकेक थेंब सोडावा. कोणता किती वेळात पसरतो, याची मुलांनी घड्याळ लावून नोंद करावी. मग थेंब पसरायला लागलेल्या वेळावरून, न सांगता, कोणता पेला कोणता ते ओळखायला सांगावे. दुसरी गोष्ट डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्रीची. दहा-बारा किलोमीटरवरच्या दोन गावांतल्या शाळांनी एकाच वेळी उल्का पाहाव्यात, आणि ठळक उल्कांची वेळ व ताऱ्यांमधली जागा नकाशावर टिपावी. दोन्हीकडे मिळून एक जरी उल्का सापडली, तरी १७९८ मधले गणित आपल्या मुलांच्या हातून पुन्हा होईल.